बोर्ड पेंटरची अमूर्त चित्रं: मन जड असताना रंग कसा हातात घ्यावा

'भावपूर्ण श्रद्धांजली' हे दोन शब्द मी आयुष्यात किती वेळा रंगवले, याचा हिशेब नाही. सांगली-मिरजेत फ्लेक्स येण्याआधी कुणी गेलं की संध्याकाळपर्यंत चौकात बोर्ड लागायचा आणि ते काम बऱ्याचदा आमच्याकडे यायचं. काळी पाटी, पांढरी अक्षरं, नावाला निळी शेड. "श्रद्धांजलीतला 'द्ध' नीट बसला की अर्धा बोर्ड झाला," असं माझा थोरला भाऊ म्हणायचा. आम्ही त्याला आण्णा म्हणायचो. ब्रश धरायला त्यानंच शिकवलं, आणि शिव्याही त्याच्याच खाल्ल्या.

एप्रिल २०२१ मध्ये आण्णा गेला. कोरोनाची दुसरी लाट होती, शेवटचं तोंडही बघायला मिळालं नाही. तिसऱ्या दिवशी मी हार्डबोर्डचा तीन बाय दोन फुटांचा तुकडा काढला, प्रायमर मारला, खडूचा दोरा मारून ओळी आखल्या आणि ब्रश घेऊन बसलो. 'भा' उतरेना. हात कापत नव्हता. हात शाबूत होता, अक्षरच येत नव्हतं. शेवटी पोरांनी फ्लेक्स छापून आणला. त्यावर आण्णाचा लग्नातला फोटो होता आणि 'श्रद्धांजली'चा फाँट असा की आण्णानं तो बघितला असता तर फाडला असता.

रात्री मी त्या आखलेल्या बोर्डावर डब्यात उरलेला राखाडी रंग फासला. मग पुसला. परत फासला. मध्ये कुठेतरी पांढरा ओढला, पट्टीनं खरवडला. दीड-दोन तास गेले असतील. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी सलग चार तास झोप लागली. बस, एवढंच झालं. चमत्कार वगैरे काही नाही. पण चार तासांची झोप म्हणजे काय, हे ज्याची झोप उडालीय त्याला विचारा.

पुतणीनं, म्हणजे आण्णाच्या मुलीनं, तो बोर्ड दोन महिन्यांनी बघितला. ती एटीडी, म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा झालेली, शाळेत चित्रकला शिकवते. म्हणाली, "काका, हे अमूर्त आहे."

मी म्हटलं, "हा पुसलेला बोर्ड आहे."

"तेच," ती म्हणाली.

तेव्हापासून आठवड्यातून तीन-चार वेळा बसतो. या काळात शेजारपाजारचे, ओळखीचे असे पाच-सहा जण माझ्याकडे येऊन बसून गेले. कुणाचा मुलगा गेला होता, कुणाची नोकरी, एका बाईंना तर कारण सांगताच येत नव्हतं. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. चित्रकलेचा अभ्यास नसलेल्यांसाठी आहे. अभ्यास असलेल्यांनी पुतणीकडे जावं.

सामान: रंगाच्या दुकानात जा, आर्ट स्टोअरमध्ये नंतर

कॅनव्हास आणू नका. महाग कॅनव्हास समोर आला की माणूस घाबरतो आणि 'चांगलं' काढायला बघतो. हार्डबोर्ड घ्या. हार्डवेअरवाल्याकडे कापून मिळतो. दीड बाय एक फुटाचे सहा तुकडे पुरेत. त्याची एक बाजू गुळगुळीत असते, दुसरी जाळीसारखी खरबरीत. गुळगुळीत बाजू पॉलिश पेपरनं हलकी घासा आणि पांढरा प्रायमर दोन हात मारा. मागच्या बाजूलाही एक हात मारा. एकाच बाजूला रंग लागला की बोर्ड पापडासारखा वाकतो, हे मी स्वतःचे बोर्ड वाकवून शिकलोय.

हार्डबोर्ड नको असेल तर जाड हातकागद घ्या. वहीचा कागद किंवा पातळ कार्ट्रिज चालणार नाही. आपण खरवडणार आहोत, तो फाटतो.

रंग: भिंतीला मारतात ते पांढरं प्लॅस्टिक इमल्शन, एक लिटरचा डबा. सोबत स्टेनरच्या छोट्या बाटल्या: पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड, काळा. घरं रंगवणारे शेड याच्यातच तयार करतात. वाटीभर पांढऱ्यात थेंब-थेंब टाकायचा. स्टेनर नुसता लावायचा मोह होईल, तो लावू नका. तो सुकत नाही, महिनाभर चिकट राहतो आणि शर्टाला लागतो. यामुळे या डब्यातून गडद रंग मिळत नाहीत, फिके आणि मधलेच मिळतात. गडदासाठी ॲक्रेलिकच्या दोन ट्यूब घ्या, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. हे दोन एकत्र केले की असा गडद राखाडी होतो की विकतचा काळा त्यापुढे मेलेला वाटतो. निळा जास्त टाकला तर तो पावसाळ्याकडे झुकतो, सिएना जास्त टाकला तर जळक्या लाकडाकडे.

ब्रश दोनच आणा, दोन इंची फ्लॅट आणि अर्धा इंची. लांबी, म्हणजे भिंतीची पुट्टी, भरायची लोखंडी पट्टी आणा, छोटी. स्पंजाचा लहान रोलर. स्टीलचं जुनं ताट, पाण्याचे दोन डबे, रद्दी. हजार रुपयांच्या आसपास सगळं बसतं, आणि दोन-तीन महिने पुरतं.

ऑइल पेंट, म्हणजे इनॅमल, मी चाळीस वर्षं वापरला. तुम्ही घरात वापरू नका. त्याला सुकायला सहा-आठ तास लागतात आणि टर्पेन्टाइनचा वास बंद खोलीत डोक्यात जातो. मन आधीच जड असताना डोकंही जड कशाला करायचं. आणखी एक सांगतो, कारण लोक हौसेनं 'नैसर्गिक रंग' म्हणून काहीही आणतात. काव, गेरू, पिवडी, नीळ खुशाल आणा. पाण्यात कालवून थोडं फेव्हिकॉल घातलं की छान बसतात. पण शेंदूर आणि हिंगूळ नको. जुन्या पद्धतीच्या शेंदरात शिसं असतं आणि हिंगुळात पारा. देवाला लावायची वस्तू देवालाच राहू द्या.

पहिली बैठक

वेळ चाळीस मिनिटं. मोबाइल दुसऱ्या खोलीत. बोर्ड टेबलावर आडवा न ठेवता भिंतीला टेकवून उभा करा आणि तुम्हीही उभे राहा. बसून माणूस मनगटानं काम करतो, उभा राहिला की खांद्यानं. दुःख मनगटात नसतं. कुठे असतं ते मला माहीत नाही, पण खांदा हलला की श्वास बदलतो, एवढं बघितलंय.

आधी सगळा बोर्ड एका मधल्या रंगानं झाका. राखाडी, मातकट, फिका पिवळट, काहीही चालेल, फक्त पांढरा ठेवू नका. पांढऱ्यावर पहिला फटकारा मारणं म्हणजे भरलेल्या सभागृहात पहिलं वाक्य बोलणं. मातकट बोर्डावर चूक दिसत नाही.

आता खरी गोष्ट. आण्णा शिकवायचा, "अक्षर नंतर. आधी दोन अक्षरांमधली जागा बघ." नवा पोरगा 'कमला' लिहायला बसला की क, म, ला असं काढत जातो आणि शेवटी ला भिंतीला जाऊन आपटतो. जुना पेंटर आधी मोकळ्या जागा वाटून घेतो, अक्षर त्या जागांच्या मध्ये आपोआप उभं राहतं. हे मी चाळीस वर्षं पोटापाण्यासाठी केलं. पुढे पुतणीनं मोबाइलवर चित्रं दाखवली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला: हे लोक अक्षर काढून टाकतात आणि जागा ठेवतात.

म्हणून पहिला अभ्यास असा. जे खुपतंय त्याचा एक शब्द घ्या. माणसाचं नाव असेल, गावाचं असेल, 'कर्ज' असेल. दोन इंची ब्रशनं तो शब्द बोर्डभर लिहा. इतका मोठा की शिरोरेघ वरच्या भागात या कडेपासून त्या कडेपर्यंत जावी आणि अक्षरांचे पाय खालच्या कडेला टेकावेत. सुंदर लिहू नका. मराठी अक्षराची गंमत ही की शिरोरेघेनं बोर्डाचे वरचा एक आणि खालचा एक असे दोन भाग आपसूक पडतात, आणि काने-वेलांट्यांनी खालच्या भागात खिडक्या तयार होतात. 'आण्णा' लिहिलं तर मला सहा-सात खिडक्या मिळतात.

आता फक्त त्या खिडक्या रंगवा. प्रत्येकीत थोडी वेगळी शेड घाला, एकात राखाडी, एकात निळसर राखाडी, एकात पिवळट. अक्षराला हात लावायचा नाही. यात पंधरा-वीस मिनिटं जातात आणि या वेळात तुमचं मन त्या नावाकडे बघत नसतं, नावाच्या शेजारच्या जागेकडे बघत असतं. माझ्या मते या अख्ख्या उद्योगातली सगळ्यात औषधी वेळ हीच. तुम्ही त्या माणसाजवळ उभे असता, पण त्याच्या डोळ्यात बघावं लागत नाही.

सुकल्यावर अक्षरांवर हात घाला. खिडक्यांमधले रंग अक्षरांवर ओढा, कुठे अर्धं झाका, कुठे पूर्ण. शब्द वाचता येईनासा झाला की थांबा. वाचता येत नाही म्हणजे गेला असं नाही. सांगाडा तोच असतो, चित्राला तोल त्यानंच येतो. हे माझं एकट्याचं मत नाही, बोर्ड करून बघा.

ज्या बाईंना कारण सांगता येत नव्हतं, त्यांनी शब्द म्हणून 'सोमवार' लिहिला. मी का ते विचारलं नाही.

थर आणि खरवडणं

दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीपासून लांबीची पट्टी हातात घ्या. सुकलेल्या बोर्डावर नवा रंग रोलरनं पातळ पसरा. तो अर्धा सुकला की पट्टी तिरकी धरून ओढा. वरचा रंग काही ठिकाणी निघतो, काही ठिकाणी चिकटून राहतो आणि खालचा जुना थर डोकावतो. काय निघेल आणि काय राहील हे पूर्ण तुमच्या हातात नसतं. ज्यांना आयुष्यात सगळं ताब्यात ठेवायची सवय आहे त्यांना हे सुरुवातीला फार त्रास देतं. त्यांनीच हे जास्त करावं.

'अर्धा सुकला' म्हणजे कधी? सांगलीच्या मे महिन्यात दहा मिनिटांत, जुलैत तासभरही लागतो. बोट टेकवा. रंग बोटाला लागतो पण ओढला जात नाही, ती वेळ. त्याच्या आधी ओढलं तर चिखल होतो, नंतर ओढलं तर नुसते ओरखडे.

आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर मिरजेची सतारमेकर गल्ली. तिथले एक चाचा जवारी काढतात तेव्हा मी जाऊन बसतो. सतारीच्या घोडीचा वरचा पृष्ठभाग कानसेनं जरासा घासायचा, तार लावायची, छेडायची, ऐकायचं, तार उतरवायची, परत जरासा घासायचा. तार नुसती वाजत न राहता खुलून बोलायला लागेपर्यंत हे चालतं. घासणं क्षणभराचं, ऐकणं जास्त. बोर्ड खरवडताना तेच करा. एक ओढ, दोन पावलं मागे, बघा. सलग दहा ओढी मारणारा माणूस चित्र करत नसतो, राग काढत असतो. (राग काढायचा असेल तर रद्दीवर काढा, तोही चांगला व्यायाम आहे.)

रोलर आणि पट्टी ही रंगाऱ्याची हत्यारं, चित्रकाराची नव्हेत, असं मी मानत होतो. मग वासुदेव गायतोंडे कळले. १९२४ साली नागपुरात जन्मलेला, गोव्याच्या घरातला, जे. जे. स्कूलमध्ये शिकलेला हा माणूस रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून थरावर थर चढवायचा आणि काढायचा. त्यांची चित्रं २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात एकट्यानं लागली होती. त्यांना 'अमूर्त' हा शब्द मान्य नव्हता, ते आपल्या चित्रांना 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्र नसलेली, म्हणत. मला त्यांच्याबद्दलची दुसरी गोष्ट जास्त जवळची आहे. १९८४ मध्ये त्यांना अपघात झाला आणि पुढची काही वर्षं मोठे कॅनव्हास झाले नाहीत. त्या काळात त्यांनी कागदावर शाईची छोटी छोटी कामं केली. मोठं होत नसेल तर वीतभर करा. वीतभरही होत नसेल तर नुसता रंग कालवा, वाटीत ठेवा आणि झोपा. माझे असे कितीतरी दिवस गेलेत.

सुचत नाही म्हणता?

प्रेरणा या शब्दाचं मला थोडं वावडं आहे. बोर्ड पेंटरला प्रेरणा नसते, ॲडव्हान्स असतो. पण बघायची सवय लावता येते.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीतल्या माझ्या गाळ्यात छताला हात लागेल एवढं पाणी होतं. पाणी उतरल्यावर आत गेलो तर डबे, ब्रश, जुने नमुन्याचे बोर्ड, सगळं गाळात. भिंतीवर मात्र एक रेघ होती. पाणी जिथे सगळ्यात जास्त वेळ थांबलं तिथली. खाली मातकट, वर मूळचा फिका हिरवा, आणि मध्ये चार बोटांचा असा पट्टा की त्याला नाव देता येत नाही. त्यातच पाणी टप्प्याटप्प्यानं उतरल्याच्या बारीक रेघा. तेव्हा मी ती भिंत बघून नुसता रडलो होतो. दोन वर्षांनी आण्णाच्या बोर्डावर राखाडी फासताना हात आपोआप तो पट्टा काढायला लागला. माझ्या निम्म्याहून जास्त बोर्डांत ती आडवी रेघ आहे. ठरवून काढत नाही.

तुमच्या भिंतीवरची रेघ तुमची तुम्ही शोधा. गंजलेलं शटर, पोस्टर फाडून फाडून राहिलेले कपटे, ओल येऊन उठलेले पोपडे, तव्याची मागची बाजू. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याच्या दिवसांत जा. पोत्यांचा, जमिनीचा, हमालांच्या पायांचा रंग एकच झालेला असतो, आणि त्या पिवळ्यात पन्नास पिवळे असतात. फोटो काढू नका. दोन मिनिटं बघा, घरी या आणि आठवेल तो रंग कालवा. फोटो असला की नक्कल होते. आठवणीत चुकलं की ते तुमचं होतं.

मी खिशात छोटी वही ठेवतो. रोज एकच ओळ लिहायची, रंगाची. मागच्या आठवड्याच्या ओळी अशा: 'ओली वीट, वर राख.' 'एसटीच्या सीटचा उसवलेला निळा.' 'बायकोच्या औषधाची बाटली, उन्हात.' ज्या दिवशी सुचत नाही त्या दिवशी वही उघडायची आणि त्यातले दोन रंग एका बोर्डावर शेजारी लावायचे. पुढचं ते दोघं बघून घेतात.

मन फारच इकडेतिकडे पळत असेल तर दोन छोटे उपाय आहेत. एक ठिपक्याचा. चित्रकार सय्यद हैदर रझा लहानपणी मध्य प्रदेशातल्या गावच्या शाळेत होते. पोराचं लक्ष ठरत नाही म्हणून मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याकडे बघत राहायला सांगितलं. पुढे 'बिंदू' त्यांच्या चित्रांचं केंद्र झाला. तुम्ही बोर्डाच्या मधोमध नाही, जरा बाजूला एक गडद ठिपका काढा आणि पाच मिनिटं बघा. मग त्याच्याभोवती त्याला जी जागा लागेल असं वाटतं तेवढी रंगवा.

दुसरा उपाय रेघेचा. तो हात कापणाऱ्यांसाठी. मला भीतीचे झटके यायचे तेव्हा हात कापायचा, आणि बोर्ड पेंटरचा हात कापणं म्हणजे सराफाचा तराजू बिघडणं. पुतणीनं तेव्हा चित्रकार नसरीन मोहमदींची रेखाटनं दाखवली. १९३७ साली कराचीत जन्मलेल्या, बडोद्यात शिकवलेल्या, अलिबागजवळच्या किहीमला १९९० मध्ये गेलेल्या. शेवटच्या वर्षांत मज्जासंस्थेच्या आजारानं शरीर ऐकत नव्हतं, तरी ड्राफ्टिंगची अवजारं घेऊन त्या केसासारख्या बारीक, नेमक्या रेघा ओढत राहिल्या. मी ते बघून पट्टी आणि पेन्सिल घेतली. कागदावर आडव्या रेघा ओढायच्या, एकीपासून दुसरी थोडी लांब, पुढची थोडी जवळ. चाळीस रेघा. विसाव्या रेघेच्या आसपास हात स्थिर होतो. कधी कधी होतही नाही. मग पुढच्या वीस तशाच, कापऱ्या. त्याही छान दिसतात.

उलटं झालं तर

हे लिहायलाच हवं. रंगानं नेहमी हलकं वाटतं असं नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात एका दुपारी मी लाल ऑक्साइड आणि गडद राखाडी एकावर एक चढवत गेलो, थांबलोच नाही. तीन तासांनी छातीत असं काही दाटलं की बायकोनं ब्रश हातातून काढून घेतला. तेव्हापासून घरात नियम आहे: चाळीस मिनिटांचा गजर वाजला की ब्रश पाण्यात. चित्र अर्धं राहिलं तरी चालेल. ज्या दिवशी बोर्डासमोरून उठताना बसतानापेक्षा वाईट वाटतंय, त्या दिवसानंतर दोन दिवस सुट्टी, आणि परत आलात की फिके रंग आणि रेघांचा उपाय.

आणि गोळ्या. मी डॉक्टरांकडे गेलो होतो, आठ महिने गोळ्या घेतल्या. गोळ्या आणि रंग यांचं भांडण नाही. आमच्या मिरजेत दवाखाने रस्त्यारस्त्याला, तरी मनाच्या डॉक्टरकडे जायला मला सहा महिने लागले, आणि ते सहा महिने मी फुकट घालवले. 'आर्ट थेरपी' हा शब्द ज्यानं रूढ केला तो एड्रियन हिल नावाचा इंग्लिश चित्रकार क्षयाच्या सॅनिटोरियममध्ये पडून होता. तिथे स्वतः चित्रं काढता काढता त्याला ही गोष्ट उमगली आणि १९४२ मध्ये त्यानं तिला हे नाव दिलं. पण त्यानं सॅनिटोरियम सोडलं नव्हतं, हे लक्षात घ्या. उलटा दाखलाही सांगतो. अमेरिकेत ह्यूस्टनला मार्क रॉथको या चित्रकाराच्या चौदा गडद चित्रांचं एक प्रार्थनास्थळ आहे. लोक तिथे जाऊन तासन् तास शांत बसतात. ते १९७१ मध्ये उघडलं. रॉथकोनं त्याच्या आदल्या वर्षी स्वतःचा जीव घेतला होता. एवढा मोठा माणूस, एवढे रंग, तरी नाही पुरले. सगळा भार बोर्डावर टाकू नका.

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगण्यात अर्थ वाटत नाही, असं असेल तर बोर्ड राहू द्या आणि आधी फोन करा. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. चोवीस तास चालते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

लोक विचारतील, "हे काय काढलंय?"

विचारणारच. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण मान तिरकी करून विचारतो. सुरुवातीला मी समजावून सांगायचो आणि सांगून झालं की चित्र माझ्यासाठीही मरायचं. आता बायकोच परस्पर उत्तर देते, "अजून लिहायचं राहिलंय." विषय संपतो.

पहिले तीन महिने कुणाला दाखवू नका, मोबाइलवर तर अजिबात टाकू नका. एक 'व्वा' मिळाला की पुढचा बोर्ड त्या 'व्वा'साठी होतो. मागे फक्त तारीख लिहा आणि बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवा. दहा-बारा झाले की एखाद्या रविवारी सगळे जमिनीवर मांडा, तारखेप्रमाणे. मला माझे पहिले बारा बोर्ड असे मांडल्यावर दिसलं की सातव्या बोर्डापासून वरच्या कोपऱ्यात पिवळा यायला लागलाय. मला वाटत होतं मी सगळे राखाडीच केलेत. तो पिवळा कुणाच्या सांगण्यानं आला नव्हता. सातव्या बोर्डाची तारीख बघितली, तर आण्णाच्या नातवाच्या बारशाचा आठवडा होता.

जमलं तर एकदा मुंबईला जा. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरी आणि जवळच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, दोन्ही एका दिवसात होतात. पण तीसच्या तीस चित्रं बघू नका. एक निवडा आणि त्याच्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. रंग बघण्याआधी कडा बघा. कडेला चित्रकार बेसावध असतो, तिथे खालचे थर उघडे पडलेले असतात. तो आधी काय करत होता ते कळतं.

आता उठायची वेळ. ब्रश धुतल्याशिवाय जेवायला जायचं नाही. इमल्शन आणि ॲक्रेलिक एकदा सुकले की पाण्यानं निघत नाहीत, आणि दीडशे रुपयांचा ब्रश खराटा होतो. आधी रद्दीला पुसा, मग साध्या पाण्यात, मग तळहातावर साबण घेऊन गोल गोल, केसांच्या मुळापर्यंत, फेस पांढरा येईपर्यंत. झटका, आणि केसांना टोक करून आडवे ठेवा. उभे, केस खाली करून ठेवले तर वाकतात. आण्णा हे टोक ओठांनी करायचा. धुतलेला ब्रश ओठांत धरून एकदा फिरवायचा, की टोक सुईसारखं. रंगात काय काय असतं ते आता सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे तुम्ही हे करू नका, बोटांनी करा. पुतणी मलाही दर वेळी ओरडते. मी हो म्हणतो, आणि ती दुसऱ्या खोलीत गेली की तसंच करतो.